माझा अनुभव: सरकारी अँटिट्रस्ट वकिली सोडताना गाडी अडते ती कॉन्फ्लिक्टच्या फॉर्मवर

सरकारी नोकरीतून लॉ फर्ममध्ये जायचं म्हटलं की सगळे मुलाखतीबद्दल विचारतात. मुलाखती उरकतात, ऑफरही येते. मग फर्मच्या कॉन्फ्लिक्ट विभागाचा (तुमच्या जुन्या कामाचा फर्मच्या पक्षकारांच्या हिताशी संघर्ष होतो का, हे बघणाऱ्यांचा) एक फॉर्म येतो आणि सगळं तिथे थांबतं. माझे सात आठवडे त्या एका फॉर्मवर गेले. त्यातले निदान पाच वाचले असते, या गोष्टीची चीड अजून गेलेली नाही.

हे सगळं अमेरिकेतलं, त्यातही वॉशिंग्टनमधलं. स्पर्धा कायद्याची, म्हणजे अँटिट्रस्टची, केंद्र सरकारची बाजू दोन यंत्रणा सांभाळतात: न्याय खात्याचा अँटिट्रस्ट विभाग आणि फेडरल ट्रेड कमिशन. मर्जर, म्हणजे कंपन्यांची विलीनीकरणं, दोन्ही यंत्रणा तपासतात, कार्टेलचे (संगनमताने किमती ठरवणाऱ्या कंपन्यांवरचे) फौजदारी खटले फक्त न्याय खातं चालवतं. यंत्रणा कोणतीही असो, फॉर्मची अडचण एकच.

त्या फॉर्ममध्ये चार रकाने होते: पक्षकार, विरुद्ध पक्ष, विषय, तारीख. एका फर्ममधून दुसरीत जाणाऱ्यासाठी तो ठीक आहे. सरकारी वकिलाचा पक्षकार एकच, सरकार. दुसऱ्या रकान्यात जे लिहायचं, ते बहुतेक वेळा लिहिण्याची परवानगीच नसते. १९७६ च्या हार्ट-स्कॉट-रोडिनो कायद्याखाली आलेली मर्जरपूर्व नोटीस गोपनीय असते, म्हणजे ‘अमुक कंपनीने नोटीस दिली आहे’ एवढंही बाहेर बोलता येत नाही. ग्रँड ज्युरीसमोरच्या (आरोप ठेवायचा का, हे बंद दाराआड ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोरच्या) गोष्टींना फौजदारी प्रक्रियेच्या नियम ६(ई) चं कुलूप. फॉर्म भरून घेणाऱ्याला मात्र एकही रकाना कोरा चालत नाही. ‘गोपनीय’ लिहून पाठवला की ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत. असं चार वेळा झालं.

शेवटी उपयोगी पडली ती यादीची तीन गटांत वाटणी. पहिला गट, ज्यात कोर्टात दावा दाखल झाला आहे ती प्रकरणं: कोर्टाचं नाव आणि खटल्याचा नंबर द्या, बस. दुसरा गट, तपास गोपनीय आहे पण कंपनीने स्वतःच शेअर बाजार नियामकाकडच्या निवेदनात ‘आम्हाला सेकंड रिक्वेस्ट (मर्जरबद्दल आणखी माहितीची सरकारी मागणी) आली’ असं जाहीर केलं आहे. इथे त्या निवेदनाची तारीख हाच तुमचा आधार. आपल्या माहितीतलं एक वाक्यही त्यात मिसळू नका. तिसरा गट, कुठेच जाहीर न झालेली प्रकरणं. ती फॉर्ममध्ये लिहायचीच नाहीत. फर्मच्या एथिक्स वकिलाला, म्हणजे आचारसंहिता बघणाऱ्याला (रिक्रूटिंगवाल्यांना नव्हे) तुमच्या जुन्या कार्यालयाच्या एथिक्स अधिकाऱ्याशी थेट जोडून द्या. एखादं काम तुमच्याकडे येण्याआधी विचारणा तिकडे जाते आणि उत्तर फक्त ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढंच येतं. कारण कोणी सांगत नाही, तुम्हीही विचारायचं नाही.

ही यादी करायची कधी? नोकरीत असताना. शेवटच्या दिवशी ईमेल बंद होतो आणि चार वर्षांपूर्वीच्या तपासात आपण नेमकं काय केलं, हे डोक्यात राहत नाही. प्रत्येक प्रकरणासमोर चार गोष्टी लिहा: कधी हातात आलं, कधी सुटलं, आपण काय केलं ते एका ओळीत, आणि जाहीर की गोपनीय. गोपनीय भाग घरी न्यायचा नाही, स्वतःला ईमेलही करायचा नाही. तो एथिक्स अधिकाऱ्याकडे ठेवून या. मी हे केलं नव्हतं, पाच आठवडे गेले ते यातच.

यादीत हमखास सुटणारी माणसं म्हणजे तिऱ्हाईत कंपन्या. मर्जर तपासताना आपण प्रतिस्पर्ध्यांचे आणि ग्राहकांचे कागद वाचतो: किमती, क्षमता, करार. अशी गोपनीय सरकारी माहिती ज्या कंपनीची आहे, तिच्याविरुद्ध खासगी वकिली करता येत नाही, जर ती माहिती तिला मारक ठरू शकत असेल तर. म्हणजे विलीन होणाऱ्या दोन कंपन्यांची नावं टिपून भागत नाही.

बंदी कशावर आहे, यात अनुभवी लोकही गल्लत करतात. फेडरल फौजदारी कायद्याचं कलम २०७ सांगतं की ज्या प्रकरणात तुम्ही ‘स्वतः आणि भरीव’ काम केलं, त्यात पुन्हा दुसऱ्या कुणासाठी सरकारकडे रदबदली करायची नाही, कायमची. तुम्ही हात लावला नाही पण शेवटच्या वर्षात जे तुमच्या अधिकाराखाली होतं, त्याला दोन वर्षं बंदी. टीमचे प्रमुख असाल तर ती प्रकरणंही यादीत हवीत. या कलमात पडद्यामागच्या सल्ल्याला मज्जाव नाही. पण वकिलांच्या आचारसंहितेचा नियम १.११ तोही बंद करतो, आणि वॉशिंग्टनच्या नियमात तर ‘त्याच्याशी घट्ट संबंधित’ प्रकरणंही येतात. फर्मने वेळेवर भिंत घातली नाही, म्हणजे तुम्हाला त्या कामापासून पूर्ण वेगळं ठेवलं नाही, तर अख्खी फर्म त्या कामातून बाद. भिंत म्हणजे नुसतं तोंडी वचन नव्हे: वॉशिंग्टनमध्ये तुमची आणि फर्मच्या एका वकिलाची सही असलेलं निवेदन जुन्या कार्यालयाला आणि इतर पक्षांना द्यावं लागतं, आणि त्या कामाच्या फीमधला वाटा तुम्हाला मिळत नाही. मर्जर गाइडलाइन्ससारख्या धोरणाच्या कामाला कलम २०७ ची ही बंदी लागत नाही, कारण त्यात विशिष्ट पक्ष नसतात. ते मोकळेपणाने सांगा.

आता खरं तर आधी सांगायला हवं होतं ते. ज्या फर्मचे वकील तुमच्या चालू प्रकरणात समोर बसले आहेत, तिच्याशी नोकरीची बोलणी करायचीच नाहीत. तुमच्या कामात गुंतलेल्या बाकी कुणाला बायोडेटा पाठवलात तर त्या क्षणापासून त्या कामातून बाजूला व्हायचं. आपणहून पाठवलेल्या बायोडेटाला काहीच उत्तर आलं नाही, तर दोन महिन्यांनी हे बंधन सुटतं. मोठ्या फर्म्स जवळपास प्रत्येक मोठ्या मर्जरमध्ये असतात, त्यामुळे दोन प्रकरणांच्या मधली फट धरणं उत्तम. मध्येच सोडलंत तर टीमचं नुकसान होतं आणि ते लोक लक्षात ठेवतात.

थेट पार्टनर (नफ्यात वाटा असलेला भागीदार) म्हणून जात असाल तर पगाराचं कलम नीट वाचा. तुम्ही सरकारात असताना फर्मने सरकारपुढे जी वकिली केली, तिच्या कमाईतला हिस्सा घेणं हा कलम २०३ खाली गुन्हा आहे. म्हणून तोवरची जुनी फी वसूल होईपर्यंत ठरलेली रक्कम घ्या, नफ्याचा टक्का नको.

उलट्या दिशेने, फर्ममधून सरकारात येताना, फॉर्म कमी पण एक खड्डा आहे. निरोपाच्या वेळी फर्मने तिच्या ठरलेल्या योजनेबाहेरचे १०,००० डॉलरहून जास्त पैसे दिले, तर त्या फर्मच्या प्रकरणांपासून दोन वर्षं लांब राहावं लागतं. एरवी ते एकच वर्ष असतं. बोनस आधीच्या लेखी योजनेतलाच आहे, हे कागदावर घेऊन ठेवा.

आणि बारचं, म्हणजे वकिलीचा परवाना देणाऱ्या संस्थेचं, विसरू नका. केंद्र सरकारचं काम कुठल्याही राज्याच्या परवान्यावर चालतं, वॉशिंग्टनमधल्या खासगी वकिलीला तिथल्या बारचं सदस्यत्व लागतं. रुजू झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज केला तर तिथल्या सदस्याच्या देखरेखीखाली साधारण वर्षभर काम करता येतं. कॉन्फ्लिक्टच्या फॉर्मची वाट बघत असाल, तर तेवढ्या वेळात हा अर्ज भरून ठेवा. याला कुणाचं गुपित लागत नाही.