एक दार, दोन फॉर्म

रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची 6 मुलं प्रकल्पासाठी एका गावातल्या घरगुती इंधनाचा अभ्यास करत होती. 24 प्रश्नांची प्रश्नावली तयार होती आणि चाचणी म्हणून 20 फॉर्म भरूनही झाले होते. समाजशास्त्राची तोंडओळख होईल असा एक वर्ग घ्या, असं त्यांच्या मार्गदर्शकांनी मला सांगितलं. मी 48 मिनिटांच्या दोन तासिका जोडून मागितल्या आणि भरलेले फॉर्म आदल्या दिवशीच मागवून घेतले.

समाज, संस्था, भूमिका या नेहमीच्या क्रमाने जायचं ठरवलं होतं. सातवा आणि आठवा फॉर्म वाचला आणि तो क्रम बाजूला ठेवला. फळ्यावर फक्त हे दोन फॉर्म उतरवले. फॉर्म 7 : कुटुंब संयुक्त, माणसं 9, वर्षाला सिलिंडर 8. फॉर्म 8 : कुटुंब विभक्त, माणसं 4, सिलिंडर 8. दोन्हींवर घर क्रमांक एकच.

मुलांना विचारत गेले तसा उलगडा झाला. एकाने थोरल्या सुनेला घरात विचारलं होतं, दुसरीने धाकटीला हातपंपावर. धाकटीचं रेशनकार्ड वेगळं, म्हणून तिने माणसं 4 सांगितली. स्वयंपाक एकत्र, म्हणून सिलिंडर मात्र सगळ्या घराचे सांगितले. बेरजेत 13 माणसं आणि 16 सिलिंडर झाले होते. दाराआड होती 9 माणसं आणि 8 सिलिंडर. 14.2 किलोच्या सिलिंडरने हिशेब केला तर माणशी वर्षाला 12.6 किलो गॅस येतो. फॉर्म 8 एकटा धरला तर 28.4 किलो. दोन्ही सुना खरंच बोलल्या होत्या. ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ ठरवायचं काम प्रश्नावलीने त्यांच्यावर सोडलं होतं, चूक तिथे होती.

“मॅडम, मग बरोबर कोणतं? संयुक्त की विभक्त?” वर्गाला खरं तोंड इथे फुटलं. फळ्यावर चार शब्द लिहिले : छप्पर, चूल, रेशनकार्ड, नातं. आपली जनगणना चूल धरते. जी माणसं सहसा एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब-घर. कामानिमित्त एखाद्याचं जेवण बाहेर होत असलं तरी तो त्याच घरातला. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 साली एकत्र कुटुंबाची व्याख्या केली, तिच्यात एक छप्पर आणि एक चूल यांच्या जोडीला सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार आणि ठराविक नातं एवढं सगळं येतं. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा शहरातल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि दाखवलं, की वेगळं राहूनही पैसा, जमीन आणि जबाबदाऱ्या यांनी माणसं एकत्र असू शकतात. फॉर्म 14 मधले आजी-आजोबा दोघंच राहतात, मुलगा पिंपरीला. तरी त्यांनी ‘संयुक्त’वर खूण केली होती. देसाईंच्या नजरेने ते उत्तर रास्त आहे. इंधन मोजायला मात्र ते उपयोगाचं नाही, कारण पिंपरीतला मुलगा या चुलीवर जेवत नाही.

ठरलं असं : मोजायचं एकक चूल. ‘संयुक्त की विभक्त’ हा प्रश्न काढला. त्याजागी तीन प्रश्न आले. काल रात्री या चुलीवरचं किती जण जेवले? याच घरात दुसरी चूल किंवा शेगडी वेगळी पेटते का? बाहेरगावची माणसं घरी पैसे पाठवतात का?

दुसरी तासिका उरलेल्या प्रश्नांत गेली. ‘धुराने त्रास होतो हे तुम्हाला माहीत आहे का?’ याला 20 पैकी 20 ‘हो’. उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे, मग ‘नाही’ कोण म्हणेल? ‘गॅस सुरक्षित आणि स्वस्त वाटतो का?’ हे दोन प्रश्न एकात शिरलेले; सुरक्षित पण महाग वाटणाऱ्या बाईने खूण कुठे करायची? ‘गॅस आहे का?’ यातून जोडणी कळते, वापर कळत नाही. अनेक घरांत भाजी गॅसवर होते, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी बंबात. म्हणून विचारायचं : काल भाकरी कशावर झाली? पाणी कशावर तापलं? ‘साधारणपणे’ विचारलं की माणूस शोभेलसं सांगतो; कालचं विचारलं की आठवून सांगतो. वर्षाचे सिलिंडर तोंडी न घेता गॅसच्या पुस्तकातल्या नोंदी मोजायच्या. उत्तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडूनच घ्यायचं. 20 पैकी 13 फॉर्म पुरुषांनी सांगून भरले होते, ही मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट.

नमुना निवडीवर, म्हणजे गावातली कोणती घरं विचारायची यावर, जेमतेम 20 मिनिटं मिळाली. मुलं डांबरी रस्त्याने सरळ गेली होती. मळ्यातल्या वस्त्या आणि ओढ्यापलीकडची घरं सुटली. सरपण तिथेच जास्त जळतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 यादी म्हणून वापरू, असं एकजण म्हणाला. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही; ती मिळकती मोजते, चुली नाही. बंद घर आणि गोठाही तिच्यात येऊ शकतो. आधी गाव फिरून चुलींची यादी करायची, वस्त्यांसह. मग 1 ते 5 मधली एक चिठ्ठी उचलायची आणि त्या क्रमांकापासून दर पाचवी चूल घ्यायची. दार बंद असेल तर शेजारचं घर न घेता संध्याकाळी पुन्हा जायचं. फॉर्मवर नाव नको, फक्त चुलीचा क्रमांक. आणि ‘उत्तर द्यायचं नसेल तर चालेल’ हे वाक्य सुरुवातीलाच बोलायचं.

आठवड्याने चाचणीचे नवे 10 फॉर्म आले. एका घरात दोन जावांचे स्वयंपाक वेगळे, शेगड्या वेगळ्या, पण सिलिंडर एकाच जोडणीवरचे. एकीचा संपला की दुसरीकडचा उचलून आणतात. मुलीने दोन फॉर्म भरून ते टाचणीने एकत्र जोडले होते आणि समासात लिहिलं होतं : ‘चुली 2, पुस्तक 1, सिलिंडर कसे वाटायचे?’ आम्ही प्रश्नावलीत एक रकाना वाढवला : या पुस्तकावर किती चुली?