तिकडे बोलायची चोरी

१३ एप्रिल, जर्सी सिटी. रात्री उशिरा.

सकाळी एक्स्चेंज प्लेसला पाथ गाडीतून उतरून वर आलो, तर त्या पुतळ्यापाशी लाल-पांढऱ्या फिती बांधलेली फुलं आणि काचेतल्या मेणबत्त्या. सहा वर्षं रोज तिथून जातोय, खरं तर मान खाली घालून जातोय. ३४ फुटी कांस्याचा पोलिश सैनिक, हात मागे बांधलेले, तोंड बांधलेलं, पाठीत बंदुकीची संगीन घुसलेली. कॉफीचा पहिला घोटही पोटात गेलेला नसताना हे कुणाला बघवतं? २०१८ मध्ये चौकात बाग करायची म्हणून तो हलवायचं महापौरांनी मनावर घेतलं होतं. पोलिश मंडळी पेटून उठली आणि डिसेंबरात नगर परिषदेनं तो इथेच ठेवायचं ठरवलं. मी ते सगळं नंतर वाचलं आणि मनातून महापौरांच्या बाजूनं झालो.

१३ एप्रिल म्हणजे माझ्या डोक्यात जालियनवाला. यांचं आज काय, म्हणून थांबलो. १९४० च्या वसंतात स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश लोकांना गोळ्या घातल्या: लष्करी अधिकारी, पोलीस, डॉक्टर, प्राध्यापक. त्यातली रशियातल्या कातिनच्या जंगलातली प्रेतं १९४३ मध्ये सापडली, तर मॉस्कोनं खापर जर्मनांवर फोडलं. कबुली दिली ती १३ एप्रिल १९९० ला. त्यांच्या आठवणीतला हा पुतळा १९९१ चा. तिकडे पोलंडमध्ये या गोष्टीची उघड बोलायची चोरी होती, तोवर ती इकडच्यांनीच जपली.

मग पहिल्यांदाच चौथऱ्याला फेरी मारली. एका बाजूला रशियानं सैबेरियात हाकलून दिलेल्या पोलिश लोकांचं शिल्प आहे. उपाशी आई, कडेवर लेकरू. मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, वळिवड्याला ती पोलंडची माणसं राहायची, ती कुठनं आलेली गं?"

"रशियातनं, असं तुझी आज्जी सांगायची. आजोबा दूध घालायचे की त्यांना. का रे? ऑफिसला नाहीस का?"

लहानपणी मला वाटायचं, गोरे लोक हवापालटाला आले असतील. १९४३ ते ४८, कोल्हापूरच्या वेशीवर पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली. नंतर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले, तेच आपलं गांधीनगर. दिवाळीची कापडं आम्ही तिथेच घ्यायचो. महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांचा स्तंभ आहे, त्याच्याजवळ बसून मी किती वेळा भेळ खाल्लीय! त्यावरचं कधी वाचलं नाही.

शेजारी दोन म्हाताऱ्या फुलं नीट लावत होत्या. मी कोल्हापूरचा, असं सांगावंसं वाटलं. पण सांगून त्यांना काय कळणार, म्हणून गप्प बसलो. एक मेणबत्ती वाऱ्यानं विझली, तशी त्यातल्या एकीनं माझ्याकडे बघून काडी ओढल्याची खूण केली.

माझ्याकडे काडेपेटी नव्हती.