हायब्रिड की इलेक्ट्रिक? आधी पार्किंगमध्ये जाऊन या

शोरूमची वेळ ठरवण्याआधी एक काम करा. रात्री गाडी जिथे लागणार आहे तिथे उभे राहा आणि तुमच्या वीजमीटरपासून त्या जागेपर्यंत वायर कुठून आणता येईल ते बघा. बंगला किंवा रो-हाउस असेल, किंवा सोसायटीत स्वतःच्या नावाचं पार्किंग असेल आणि मीटर रूम तीस-चाळीस मीटरच्या आत असेल, तर इलेक्ट्रिकचा विचार पुढे न्या. गाडी रस्त्यावर लागत असेल किंवा जो आधी येईल त्याची जागा अशी पद्धत असेल, तर स्ट्राँग हायब्रिड घ्या, म्हणजे पेट्रोल इंजिन असलेली पण थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही चालणारी गाडी. रेंज, मायलेज, सनरूफ यावर बोलणं त्यानंतर.

इतकं ठामपणे सांगण्याचं कारण किलोमीटरमागच्या खर्चात आहे. टाटा नेक्सॉनच्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात एका युनिटला साधारण सात किलोमीटर जाते. पण मीटरवर पडलेल्या युनिटांपैकी दहा-बारा टक्के चार्ज होतानाच उष्णतेत जातात, म्हणून हिशोब सहा किलोमीटरने करावा. घरची वीज 10 रुपये युनिट धरली तर किलोमीटरला 1 रुपया 70 पैसे पडतात. तीच गाडी बाहेरच्या फास्ट चार्जरवर 20 ते 24 रुपये युनिटने भरली, तर साडेतीन रुपयांच्या आसपास. मारुती ग्रँड विटारा किंवा टोयोटा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड कागदावर लिटरला 27.97 किलोमीटर दाखवते. शहरात एसी लावून 20-22 धरा. पेट्रोल 104 रुपये लिटर असेल तर किलोमीटरला पाच रुपये होतात. म्हणजे घरी चार्जिंग असेल तर दर हजार किलोमीटरमागे सव्वातीन हजार वाचतात आणि सगळं चार्जिंग बाहेर करायचं असेल तर ही बचत निम्म्यावर येते. वर चार्जरपाशी रांग, बंद पडलेली चार्जिंग गन आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप. एवढ्या बचतीसाठी इलेक्ट्रिकच्या मागे लागू नये.

घरच्या चार्जिंगबद्दल दोन गैरसमज फार आहेत. पहिला, मोठा चार्जर हवाच. साध्या 15 अँपिअरच्या पॉइंटवर गाडी तासाला सुमारे तीन युनिट घेते. दहा तासांत तीसेक युनिट, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरची सोय. रोजचं येणंजाणं पन्नास किलोमीटर असेल तर तीन तासांत काम होतं. 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, बसवायचा तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि बहुतेकांना त्याची गरज नसते.

दुसरा गैरसमज म्हणजे घरात पॉइंट आहेच, तोच वापरू. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी रात्रभर 13-15 अँपिअर ओढत राहते. जुन्या सॉकेटचा स्क्रू किंचित ढिला असला तरी तिथे उष्णता साचते, आधी प्लगची पिन काळी पडते आणि मग सॉकेट वितळतं. म्हणून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर तीस मीटरच्या वर असेल तर 6 ची, स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह झाला की बंद होणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर चार्जिंग थांबवा आणि जोड पुन्हा आवळून घ्या.

अर्थिंगही तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं. त्याहून जास्त असेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो, गाडी चार्ज होत नाही आणि लोक गाडीला दोष देतात. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हे हमखास होतं. त्यात पाणी घालून बघा. तरी फरक पडला नाही तर कोळसा-मीठ भरून खड्डा नवा करा. शक्य असेल तिथे महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्या. घरच्याच मीटरवर महिन्याला दीड-दोनशे युनिट वाढले की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि वरचा हिशोब बिघडतो. सोसायटीची एनओसी बुकिंगच्या आधी घ्या, आणि लेखी.

आता हायब्रिडकडे वळू. ब्रोशरवर ‘स्मार्ट हायब्रिड’ असं लिहिलेलं दिसलं की थांबा. ती माइल्ड हायब्रिड असते. पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर इंजिनाला जरा हातभार लावते, पण नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. ग्रँड विटारामध्ये दोन्ही प्रकार मिळतात आणि किमतीत मोठा फरक असतो. टेस्ट ड्राइव्हला पार्किंगमधून इंजिन चालू न होता गाडी हलली, तरच ती स्ट्राँग हायब्रिड.

स्ट्राँग हायब्रिड सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये खरी कमाई करते. थांबताना वीज साठते आणि निघताना तीच वापरली जाते. साधी पेट्रोल गाडी हायवेला चांगलं मायलेज देते, हिचं उलट आहे. म्हणून रोज हिंजवडी किंवा ठाणे-अंधेरी करणाऱ्याला हिचा फायदा होतो. महिन्यातून दोनदा फक्त कोल्हापूरला जाणाऱ्याला जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

घाटात दोन्हींचा स्वभाव नीट कळतो. चार माणसांसह 1600 किलोची गाडी खंडाळ्याहून 500 मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. हायरायडरची बॅटरी आहे 0.76 युनिटची, आणि तीही पूर्ण वापरली जात नाही. घाट अर्धा उतरेपर्यंत ती भरते, मग इंजिनाचा आवाज वाढतो. ते बिघडलेलं नसतं, गाडी इंजिन ब्रेकिंग करत असते, म्हणजे इंजिनाच्या अडथळ्याने वेग रोखत असते. उतारावर गिअर लिव्हरवरचा बी मोड वापरा. इलेक्ट्रिक गाडी त्या दोन युनिटांतला बराच भाग परत मिळवते, पण बॅटरीत जागा असली तरच. महाबळेश्वरला हॉटेलवर 100 टक्के चार्ज करून पसरणी घाट उतरायला लागलात, तर सुरुवातीला रीजेन, म्हणजे वेग रोखताना परत मिळणारी वीज, जवळजवळ मिळत नाही आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. हॉटेलवर चार्जिंग 85-90 टक्क्यांवरच थांबवा.

किमतीत सरकारचा हात मोठा आहे. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के. दीड लिटर इंजिनाच्या हायब्रिडवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स लागतो, हायब्रिडही त्यातच धरली जाते. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. म्हणून एक्स-शोरूम नव्हे, ऑन-रोड किंमत शेजारी शेजारी मांडा. विकताना मात्र आजच्या घडीला हायब्रिडला बरी किंमत येते, त्यामुळे चार-पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

समृद्धीवर 120 ने सलग जाणार असाल तर 45 युनिट बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाडीत अडीचशे किलोमीटरच धरा, 489 हा चाचणीतला आकडा विसरा. हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मागच्या सीटपाशी असते का ते विचारा. तिथे पिशव्या ठेवल्या किंवा धूळ, कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते. बॅटरीमुळे डिकीही लहान होते, तेव्हा घरची मोठी बॅग नेऊन ठेवून बघा.

इलेक्ट्रिकची टेस्ट ड्राइव्ह थेट तुमच्या पार्किंगपर्यंत न्या. पंच आणि क्रेटाचा चार्जिंग पोर्ट पुढे नाकावर आहे, नेक्सॉनचा पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. प्लग मागच्या भिंतीवर आणि पोर्ट पुढे असेल, तर रोज गाडी नाक भिंतीकडे करून लावावी लागेल. सेल्समनला केबल काढून पोर्टपर्यंत लावून दाखवायला सांगा. ताणली जात असेल किंवा शेजारच्याच्या जागेतून जात असेल, तर प्लग कुठे हलवायचा ते तिथेच खडूने भिंतीवर खूण करून ठेवा.