साइतो हाजिमे, ७५ मिमी: निळा अंगरखा काळा करताना

साइतो हाजिमे या जपानी सामुराईची ७५ मिमी उंचीची रेझिन फिगर मी रंगवतो आहे. मागच्या नोंदीनंतर दीड महिना मी तिला रंगाचा थेंबही लावला नाही, आणि त्याचे कारण आळस नसून अंगरख्याचा रंग हे होते. खोक्यावरच्या चित्रात शिन्सेनगुमीच्या, म्हणजे शोगुनच्या (जपानच्या लष्करी शासकाच्या) बाजूने लढणाऱ्या पथकाच्या, तिसऱ्या तुकडीचा हा नायक फिकट निळी हाओरी (अंगरखा) घालून उभा आहे आणि तिच्या बाह्यांच्या कडांना पांढरे त्रिकोण आहेत. दिसायला ते देखणे आहे, पण हा गणवेश पथकाने १८६३ मध्ये, स्थापनेच्या सुमारास करून घेतला होता आणि साधारण वर्षभरात तो मागे पडला. मला हवा आहे तो १८६८ च्या शरद ऋतूतला, आइझू संस्थानातला, विटक्या काळ्या अंगरख्यातला साइतो.

त्या वर्षाच्या जानेवारीत तोबा-फुशिमीला शोगुनशाहीचे सैन्य हरले आणि खुद्द शेवटचा शोगुन योशिनोबू ओसाकाहून जहाजाने एदोला (आजच्या तोक्योला) निघून गेला. वसंतात पथकाचा प्रमुख कोंदो इसामी याचा शिरच्छेद झाला. पुढे पथकाचा उपप्रमुख हिजिकाता तोशिझो उत्तरेकडे सरकला, तेव्हा साइतो मात्र आइझूतच थांबला. क्योतोत या पथकाला आश्रय दिला होता तो आइझूच्या मात्सुदाइरा कातामोरीने, आणि तेच संस्थान बुडत असताना पाठ फिरवणे योग्य नव्हे, अशा अर्थाचे साइतोचे म्हणणे सांगितले जाते. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते हेच. शोगुन स्वतःच बाजूला झाल्यावर तर ते अधिकच उठून दिसते. असा माणूस मी कोऱ्या निळ्या कापडात कसा उभा करणार?

अडचण अशी की बाह्यांवरचे त्रिकोण रेझिनमध्येच किंचित उठावाने कोरलेले होते. ते सुरीने खरवडले, खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरले आणि आधी ६०० व मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासले. त्यानंतर भर पावसाळ्यात गॅलरीत उभे राहून स्प्रे कॅनने प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारण्याचा मूर्खपणा मीच केला, आणि दमट हवेत पाठीवर रव्यासारखे कण उमटले. सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये उतरवून, घरात, एअरब्रशने पुन्हा मारावे लागले.

काळ्यासाठी बाटलीतला काळा रंग वापरलेला नाही. प्रशियन ब्लू आणि बर्न्ट अंबर समप्रमाणात मिसळून पाया धरला, कारण सुती कापड विटते तेव्हा ते राखाडी न होता तपकिरीकडे झुकते. खांद्यांवर आणि कोपरांच्या चुण्यांवर त्याच मिश्रणात थोडा बफ (फिकट पिवळसर रंग) घालून सात-आठ पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) दिले. प्रत्येक ग्लेझ पुरता वाळू दिला. घाई केली तेथे कडेला डाग राहिला आहे, आणि तो मी चिखलाखाली लपवणार आहे.

चेहऱ्याचे काम सर्वांत अवघड ठरले. २०१६ मध्ये उजेडात आलेल्या छायाचित्रातला साइतो पन्नाशी ओलांडलेला आहे. तोवर फुजिता गोरो या नावाने तोक्योच्या पोलिसांत त्याची नोकरी झाली होती आणि १८७७ मध्ये तो सात्सुमाच्या बंडखोरांविरुद्ध लढलाही होता. माझा साइतो जेमतेम चोवीस वर्षांचा आहे. शिल्पकाराने त्याच्या कपाळावर आठ्यांचे जाळे विणले होते. त्यांपैकी दोन आठ्या घासून सपाट केल्या, आणि नवल म्हणजे तेवढ्यानेच राग ओसरून चेहरा थंड झाला. बुबुळाभोवती पांढरा न वापरता त्वचेच्या रंगात राखाडी मिसळून भरला. उजवा डोळा पहिल्या फटक्यात जमला, डावा चार वेळा पुसला.

डोके अजून वेगळेच, बाटलीच्या बुचावर टोचलेले आहे, कारण मान चिकटवल्यावर कॉलरच्या आतल्या सावलीपर्यंत ब्रश पोचणार नाही. आता म्यानाचा लाखेरी काळा घ्यायचा आहे. तो अंगरख्याहून वेगळा, चकचकीत दिसला पाहिजे.