नोकरीचे स्वरूप : मानधन

मी दापोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. दिवसाला सात-आठ अर्ज हाताखालून जातात. त्यात एक रकाना असतो, ‘नोकरीचे स्वरूप’. पुढे तीन चौकटी : कायम, कंत्राटी, स्वयंरोजगार. गेल्या वर्षी जूनमध्ये जुनी मोटरसायकल घ्यायची ठरली, तेव्हा माझ्याच नवऱ्याचा अर्ज मी भरायला घेतला आणि पेन त्या रकान्यापाशी अडलं. शेवटी चौकटींच्या बाहेर, समासात लिहिलं : मानधन.

आमचे मॅनेजर भला माणूस. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ताई, मानधनावर कर्ज बसत नाही. तुम्हाला मी काय सांगायचं?” मग कर्ज माझ्या नावावर काढलं. जामीनदार दोन लागतात. निदान एक जामीन घरचा घालू म्हटलं, तर जामीनदारालाही पगारपत्रक लागतं. ज्या गाडीवरून रोज कामाला जायचं, तिच्या कर्जाला माणूस जामीनसुद्धा राहू शकला नाही. शेवटी आमच्या पिग्मी एजंटने सही केली.

नवरा कबड्डीचा असिस्टंट कोच. होता, असं लिहायला हवं, पण त्यावर येते. घरात सगळे त्याला सर म्हणतात. लग्नाआधी मी त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खो-खो खेळायचे, तेव्हापासून माझ्या तोंडात सरच आहे. आता सासूबाईसुद्धा म्हणतात, “सरांचा पगार झाला का गो?” मी म्हणते, “पगार नाही हो आई, मानधन.” त्या म्हणतात, “तेच ते.” ते तेच नाही, एवढंच मला आज लिहायचं आहे.

कॉलेजचं नाव लिहिणार नाही. खाडीपलीकडे आहे, फेरीबोटीने जावं लागतं. कोकणात खाड्यांना तोटा नाही, तेव्हा ओळखत बसू नका. लहान कॉलेज. क्रीडा संचालकाची जागा रिकामी, म्हणून जिमखान्याचा चार्ज इतिहासाच्या सरांकडे. ती जागा भरली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, असिस्टंट प्रोफेसरसारखाच. पण भरायला मुळात जागा मंजूर तरी असते. असिस्टंट कोच नावाची जागा कुठल्याच मंजूर यादीत नाही. तो जिमखाना फीमधून, ‘उपलब्धतेनुसार’. सरांना मिळायचे महिना ९,००० रुपये, वर्षातले दहा महिने. तेही दरमहा नाहीत, दिवाळीनंतर एकदा आणि मार्च संपता संपता एकदा.

मी वही ठेवते. धंद्याची खोड म्हणा. २०२४-२५ चं पान समोर आहे. जमा ९०,०००. खर्चात पेट्रोल आणि फेरीबोट मिळून २६,०००. मुलांची केळी-अंडी, आणि स्पर्धेला गेल्यावर वडापाव, ८,४००. क्रेप बँडेज, स्प्रे, टेप ३,१५०. बूट १,९००. एका मुलाचा एक्स-रे ७५०, जो ‘नंतर देतो सर’मध्ये गेला. एकूण ४०,२००. उरले ४९,८००. बाराने भागा : महिना ४,१५०. आमचा पिग्मी एजंट, तोच जामीन राहिलेला, याच्या कितीतरी पट कमिशन घेतो, आणि त्याला कुणी आवड विचारत नाही.

आवड. या शब्दावर माझा राग आहे. मानधन वाढवा म्हणायला सर दर जूनला केबिनमध्ये जायचे आणि दर जूनला तेच ऐकून यायचे : “सर, तुम्ही आवडीने करता म्हणून हे चाललंय.” खोटं नाहीच ते. फी भरणारी पोरं थोडी, जिमखान्याच्या पैशात क्रिकेटचं किट, कॅरमची पावडर आणि विद्यापीठाच्या स्पर्धांचा प्रवासखर्च भागवायचा, हे मलाही कळतं. हिशेब मलाही येतात. पण संघ झोनलला पहिला आला तेव्हा नाक्यावर फ्लेक्स लागला. इतका मोठा की बसथांब्याचं छप्पर झाकलं गेलं. त्यावर संस्थेचे अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, इतिहासाचे सर होते, कोपऱ्यात पिटुकली सात पोरं होती. सर नव्हते. सर म्हणाले, “फोटो मीच काढला ना, मग मी कसा येणार?” आणि हसले. मला नाही हसू आलं.

सर नेमकं काय करतात, ते मी एकदाच जवळून बघितलं. ऑगस्टमधली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, म्हणून सभागृहात मॅट अंथरायची होती. मॅटचे तुकडे दाते एकमेकांत अडकवून जोडावे लागतात. ओलीने दाते फुगले होते, बसेनात. सर गुडघ्यावर बसून एकेक तुकडा मुठीने ठोकत होते. अर्धा तास त्यातच गेला. मग उजव्या कोपऱ्याला उभ्या राहणाऱ्या पोराला समोर घेतलं. त्याची घोट्याची पकड सुटत होती. सर स्वतः चढाईला गेले, पाय पुढे टाकला, परत घेतला, पुन्हा टाकला. पोरगा दर वेळी पायावर झेपावायचा आणि हात रिकामे यायचे. वीसेक वेळा झालं असेल. मग सर म्हणाले, “तू पाय बघतोयस. कंबर बघ. पाय खोटं बोलतो, कंबर बोलत नाही.” पुढच्या खेपेला पोराने असा घोटा धरला की सर तोंडावर आपटले. सगळा हॉल ओरडला. सर उठले, हनुवटी चोळली आणि म्हणाले, “आता डावा खांदा न वापरता.” त्या पोराचा डावा खांदा आदल्या वर्षी निखळला होता. डॉक्टरकडे जाऊनही त्याने घरी सांगितलं नव्हतं. हे माहीत असलेला कॉलेजात एकच माणूस होता.

हीच ती चीज, जी ९,००० मध्ये कॉलेजला फुकट मिळत होती. अमक्याचे वडील पर्ससीन जाळ्याच्या बोटीवर आहेत, तमक्याच्या गावाहून शेवटची एसटी कधी सुटते, कोणाचं पोट रिकामं असलं की तो चढाईत तिसाव्या सेकंदापर्यंत रेंगाळतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नेमकी सरावाला रंगत चढते तेव्हा १ ऑगस्टला बोटी सुटतात आणि संघातली तीन पोरं बापाबरोबर समुद्रात. सर पहाटे बंदरावर जायचे, बर्फाच्या गाडीपाशी उभं राहून बापाची समजूत घालायचे : “आठवड्यातल्या चार संध्याकाळी मला द्या, बाकी पोरगा तुमचा.” एका बापाने बोट सुटायच्या आत विचारलं होतं, “सर, तुमाला किती देतात यासाठी?” सरांनी विषय बदलला.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत आहे. मास्टर्स करतो आणि फीमाफी व थोड्या स्टायपेंडवर एका लहान कॉलेजच्या फुटबॉल संघाचं चित्रीकरण करतो. तिकडचं फुटबॉल पायाचं नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं. सरांनी पहिला व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, “अरे, ही तर कव्हरची पकड!” तिथे प्रत्येक फळीला वेगळा असिस्टंट कोच असतो, म्हणून मला वाटायचं, तिकडे या लोकांची चंगळ. वरच्या थरात ती आहेच. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये डेव्ह अरांडा नावाच्या बचावाच्या असिस्टंटला वर्षाला २५ लाख डॉलर दिले. असिस्टंटला! पण भाऊ आहे डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या दुसऱ्या थरात. वरच्या थरातल्या संघांकडे बरीच वर्षं खेळाडूंसाठी ८५ शिष्यवृत्त्या असायच्या, तेव्हा यांच्याकडे ३६, त्याही तुकडे करून वाटायच्या. त्याखाली डिव्हिजन थ्री, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही.

भावाच्या संघातला एक असिस्टंट कपडे धुण्याच्या मशीनचीही ड्यूटी करायचा. शंभरेक पोरांचे चिखलाचे जर्सी-मोजे. मी विचारलं, “आणि मैदानावर रेषा?” “त्याही तोच मारायचा ताई, फक्की नाही, रंग असतो इथे.” आमच्याकडे फक्की सरच मारतात. कसं कोण जाणे, मला त्या न पाहिलेल्या माणसाविषयी एकदम घरचं वाटलं. तो गेल्या जानेवारीत टेक्ससमधल्या एका शाळेत गेला. कॉलेज सोडून शाळेत? तर तिकडच्या मोठ्या शाळांतल्या मुख्य कोचला वर्षाला १ लाख डॉलरच्या वर पगार असतो, आणि त्याच्या हाताखालच्यांना शिक्षकाचा पगार अधिक कोचिंगचा भत्ता. लहान कॉलेजच्या असिस्टंटपेक्षा बरं. वर लेकराबाळांना विमा.

भावाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी ऑफिसातही सांगितल्या. एक म्हणजे, तिथल्या कायद्यात कोचचं मुख्य काम शिकवणं असेल तर तो शिक्षकात धरला जातो आणि शिक्षकाला ओव्हरटाइम लागू नाही. म्हणजे जादा तासांचा प्रश्न आला की तो शिक्षक. आमच्याकडे उलटं, पगाराचा प्रश्न आला की शिक्षक नाही. दुसरी गोष्ट जुनी. १९९२ पासून एनसीएए या त्यांच्या कॉलेज-खेळांच्या संघटनेने नियमच केला होता की ठरावीक असिस्टंट कोचना शैक्षणिक वर्षाचे १२,००० डॉलर आणि उन्हाळ्याचे ४,००० यापेक्षा जास्त द्यायचेच नाहीत. कारण काय, तर खर्च आटोक्यात राहील आणि नवख्यांना शिकायला जागा मिळेल. बास्केटबॉलच्या असिस्टंटांनी कोर्टात खेचलं. १९९८ मध्ये अपिलातही ते जिंकले आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. मी सरांना म्हटलं, “तुम्ही पण करा केस.” सर म्हणाले, “कोणावर? तिथे पगार अडवणारा नियम होता. इथे नियमच नाही. जागाच नाही.” बरोबर होतं ते. नसलेल्या जागेचा पगार कमी दिला, अशी तक्रार कुठल्या खिडकीवर करायची?

पाहुणे मात्र दर गणपतीत विचारतात, “कबड्डीत आता बराच पैसा आला ना?” आला की. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. मी मोदकाचं ताट पुढे करते.

एप्रिल-मेमध्ये सर शेजारच्या बागेत आंबा काढायला जातात. झेला घेऊन झाडावर, दुपारी पेट्या भरायला. ५० दिवसांत २८,००० मिळाले या वर्षी. कॉलेजच्या दहा महिन्यांच्या निव्वळ कमाईच्या निम्म्याहून जास्त. आणि बागवाल्याने दर शनिवारी रोख दिले. बाकीचं घर, भाड्यापासून सिलिंडरपर्यंत, माझ्या पगारातून. हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. मला सरांचं काम आवडतं, घोट्याची ती पकड मी विसरणार नाही. पण इतकी वर्षं त्या कॉलेजचा असिस्टंट कोच माझ्या पगारावर होता, आणि ते कॉलेजला माहीतही नाही. माझं नाव कुठल्या अहवालात यायला नको, पण त्यांनी ‘आवड’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आमची पासबुकं येतात.

मे अखेरीला पुण्याजवळच्या एका निवासी शाळेतून विचारणा झाली. महिना २६,०००, राहायला खोली, प्रॉव्हिडंट फंड. सरांनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी मला विचारलं, “उजव्या कोपऱ्याचं शेवटचं वर्ष आहे गं.” मी काहीच बोलले नाही. हो म्हटलं असतं तर मी त्यांना हाकलल्यासारखं झालं असतं, नको म्हटलं असतं तर पुढचं वर्षही माझ्याच खात्यातून. दहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन केला. मी मार्चपर्यंत इथेच, मुलीची शाळा आणि माझं टेबल. म्हणजे आता घरं दोन.

सर कॉलेजात सांगायला गेले तेव्हा कुणी थांबवलं नाही. “येईल कोणीतरी,” म्हणाले. आणि आलाही. सरांच्याच हाताखाली तीन वर्षं चढाया केलेला पोरगा, बी.पी.एड. झालेला, आई काजूच्या कारखान्यात. मानधन ९,०००.

जायच्या आदल्या रात्री सरांनी दोनशे पानी वहीत एकेका पोराबद्दल लिहून काढलं. मी चोरून एक पान वाचलं : ‘डावा खांदा. विचारलं तर ठीक म्हणेल. वर हात करायला सांग, चेहरा बघ.’ दुसऱ्या दिवशी तो नवा कोच वही न्यायला घरी आला. चहा घेतला. मग मी आत गेले आणि माझीही वही आणून २०२४-२५ चं पान त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “पेट्रोल आणि फेरी लेखी मागून घे, जॉइन व्हायच्या आधी. नंतर देत नाहीत.” त्याने मान हलवली. रकान्यावरून बोट फिरवत खाली आला आणि थांबला.

“वहिनी,” तो म्हणाला, “इतकी केळी आम्ही खाल्ली?”