घरातल्या कॅमेऱ्यात अजून कोण कोण बघतंय?

कॅमेरा हॅक झाला म्हटलं की डोळ्यापुढे येतो तो अंधाऱ्या खोलीत कीबोर्ड बडवणारा हूडीवाला, पण खऱ्या केसेस वाचायला घेतल्या की हा प्राणी फार कमी वेळा भेटतो. बऱ्याच ठिकाणी कोणी काही फोडलेलंच नसतं हो, सरळ लॉगिन करून आत आलेले असतात.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते अमेरिकेतल्या एडीटी या घराच्या सिक्युरिटीचं काम करणाऱ्या कंपनीच्या टेक्निशियनच्या केसने. हा माणूस लोकांच्या घरी कॅमेरे बसवायला जायचा आणि सेटअप करता करता गुपचूप स्वतःचा ईमेल आयडी त्यांच्या अकाउंटला जोडून यायचा, बस्स, एवढंच. मग घरी बसून बघायचा. २०० च्या वर ग्राहक, साडेचार वर्षं, ९,६०० पेक्षा जास्त वेळा, आणि कुठल्या घरात दिसायला छान बाई आहे हे लक्षात ठेवून परत परत तिथेच. २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि ५२ महिने जेल झाली. आता सांगा, यात कुठला अँटीव्हायरस कामाला आला असता? अकाउंटमधली युजर लिस्ट कोणीतरी एकदा उघडून बघितली असती तर तो तिथेच सापडला असता, पण ती लिस्ट उघडतं कोण.

म्हणून आधी ते करा, आत्ताच. ॲपमध्ये शेअर्ड युजर, लॉगिन असलेले डिव्हाइस असं काहीतरी असतंच, अनोळखी दिसेल ते उडवा. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) असेल तर बसवणाऱ्याने ठेवलेला ॲडमिन पासवर्ड बदला, कितीही ओळखीतला माणूस असो, वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे कंपनीतलेच लोक. रिंग या कॅमेरे विकणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये महिला ग्राहकांचे हजारो व्हिडिओ बघितले होते, बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे. ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या एफटीसी या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये केस केली आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. यूफी ही दुसरी कॅमेरा कंपनी, ते तर 'सगळं तुमच्या घरातच राहतं' असं सांगून विकायचे, २०२२ मध्ये एका रिसर्चरने दाखवून दिलं की नोटिफिकेशनसाठी फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर जातायत. वाइझ या तिसऱ्या कॅमेरा कंपनीचं तर अजूनच भारी, फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व्हर बंद पडून परत चालू होताना असा काही घोळ झाला की साधारण १३,००० लोकांना दुसऱ्याच घरांतले फोटो दिसायला लागले. हॅकर नाही, चोर नाही, आपलं आपोआप!

आणि पासवर्ड. कंटाळा येतो हे ऐकून, माहितीये, पण २०१६ चं मिराय नावाचं व्हायरससारखं प्रोग्रॅम आठवतंय का? साठेक फॅक्टरी युजरनेम-पासवर्डच्या जोड्या, ॲडमिन-ॲडमिन टाइप, एवढ्या भांडवलावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले, त्यांच्याकडून एकदम इंटरनेटवर मारा करवला आणि २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे कितीतरी साइट्स लोकांना उघडेनात. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात कोणाला इंटरेस्ट नसला तरी तुमच्या कॅमेऱ्याच्या इंटरनेटमध्ये असू शकतो. फॅक्टरी पासवर्ड बदललात पण तोच पासवर्ड शॉपिंगच्या साइटलाही आहे, तर ती साइट लीक झाली की लोक तोच इथे लावून बघतात. त्यामुळे वेगळा पासवर्ड आणि टू-फॅक्टर (पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड वगैरे), यात सूट नाही. राउटरमध्ये यूपीएनपी नावाचं सेटिंग बंद करा, नाहीतर कॅमेरा तुम्हाला न विचारता बाहेरच्या जगासाठी पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडून बसू शकतो, आणि असे उघडे कॅमेरे शोधून देणारी शोडानसारखी सर्च इंजिन्स २००९ पासून आहेत. जमलं तर कॅमेरे गेस्ट वायफायवर (राउटरमधलं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) टाका.

पण खरं सांगू का, हे सगळं केलं तरी कंपनीच्या आत काय चाललंय ते तुमच्या हातात येत नाही. तुमच्या हातात असतं ते फक्त कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे ते. दारावर, गेटवर, पार्किंगमध्ये खुशाल लावा, तिथलं फुटेज बाहेर गेलं तर फार काही बिघडत नाही. बेडरूममध्ये माझ्या मते कुठल्याच ब्रँडचा नको, कितीही महागडा असू दे. बाळावर किंवा आजारी माणसावर लक्ष ठेवायला लागतं हे समजू शकते, मग इंटरनेटला न जोडणारा साधा बेबी मॉनिटर बघा, किंवा काम झालं की प्लग काढा. ॲपमधून 'ऑफ' करण्यावर माझा फारसा विश्वास नाही, वायर काढली की विषय संपला. आणि माइक! सगळे चित्राचीच काळजी करतात, पण हॉलमधल्या कॅमेऱ्याला तुमच्या पैशांच्या, भांडणांच्या, आजारपणाच्या गप्पा ऐकू येत असतात. नको असेल तर सेटिंगमधून बंद करा.

जुना कॅमेरा विकताना किंवा कोणाला देताना आधी मेमरी कार्ड काढून घ्या, रिसेट मारा आणि अकाउंटमधूनही तो काढून टाका. आणि सेकंडहँड घेतलात तर नवीन मालक म्हणून तुम्हीही पहिलं काम रिसेटचंच करा.