वूचच्या घेट्टोत: काय पाहायचं, कसं पाहायचं

पोलंडला जाणारे बहुतेक जण क्राकूहून आउशवित्झ पाहतात आणि वॉर्सो गाठतात. पण दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना छावणीत मरायला पाठवण्याआधी वर्षानुवर्षं कसं जगायला लावलं होतं, हे समजून घ्यायचं असेल तर वूचसाठी (नकाशावर लॉड्झ) एक दिवस काढा. वॉर्सोचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, जर्मनांनी १९४३ च्या ज्यूंच्या उठावानंतर जमीनदोस्त केला. वूचमधली घेट्टोची वस्ती, म्हणजे बावुटी, बरीचशी उभी आहे. त्या इमारतींत आज लोक राहतात, खाली किराणा दुकानं आहेत. त्यामुळे पत्ते आधी टिपून नेले नाहीत तर तुम्ही सगळ्यासमोरून चालत जाल आणि काहीच दिसणार नाही.

वॉर्सोहून आगगाडीने साधारण दीड तास. ट्रॅमने बावुत्स्की चौकात उतरायचं. जर्मन घेट्टो-प्रशासनाची कार्यालयं इथे होती, मालाची ने-आणही इथूनच चाले. या प्रशासनाचा प्रमुख हान्स बिबो हा मूळचा ब्रेमेनचा कॉफीचा व्यापारी, आणि घेट्टोही त्याने धंद्यासारखाच चालवला. एप्रिल १९४० च्या अखेरीस सुमारे चार चौरस किलोमीटरमध्ये १,६०,००० माणसं कोंडली गेली. कुंपण लाकडाचं आणि काटेरी तारेचं. जवळ जाणाऱ्यावर गोळी.

वॉर्सोत पोरं भिंतीखालून, फटींतून बटाटे आणत. इथे तेही जवळजवळ अशक्य होतं. हा भाग थेट जर्मन राइखला (जर्मनीच्या राज्याला) जोडलेला, बाहेर जर्मन वस्ती, आणि १९४० च्या उन्हाळ्यापासून आत चलनही वेगळं. जर्मनांनी घेट्टोच्या आतल्या कारभारासाठी नेमलेल्या ज्यू मंडळाचा प्रमुख खाईम रुमकोव्स्की याच्या नावावरून लोक त्या नोटांना ‘रुमकी’ म्हणत. कुंपणाबाहेर त्या नोटांना काडीची किंमत नव्हती. म्हणजे खायचं ते जर्मन देतील तेवढंच, आणि ते मिळवायचं काम करून. शिवणाचे, टोप्यांचे, गवताच्या बुटांचे कारखाने. त्यांना ‘रेसॉर्ट’ म्हणत. दुपारचं पातळ सूप तिथेच मिळे. दहा-बारा वर्षांची मुलं जर्मन सैन्याचे गणवेश शिवत. सार्वजनिक स्वयंपाकघरातली बटाट्याची सालं मिळवायला एका काळात डॉक्टरची चिठ्ठी लागत असे. मला या घेट्टोची सगळी रचना त्या एका चिठ्ठीत दिसते.

चौकातून झ्गेर्स्का रस्त्याने दक्षिणेला चालत राहा. हा रस्ता घेट्टोच्या मधून जाई, पण घेट्टोत मोडत नसे. ट्रॅम बाहेरच्यांसाठी धावत आणि ज्यूंनी वरच्या लाकडी पुलावरून पलीकडे जायचं. उपाशी, सुजलेल्या पायांनी ते जिने चढणं किती जणांच्या जिवावर आलं असेल! पूल आता नाही. ट्रॅम अजून धावते. पुलाशेजारचं लाल विटांचं चर्च ओळखायला सोपं आहे. त्याचं तेव्हा लुटीच्या मालाचं कोठार केलं होतं.

तिथून लुतोमेर्स्का रस्त्यावरचं अग्निशमन दलाचं आवार जवळच आहे. ४ सप्टेंबर १९४२ ला जर्मनांच्या हुकुमावरून रुमकोव्स्कीने इथे जमलेल्या आईबापांकडे त्यांची मुलं मागितली. पुढच्या आठवडाभरात दहा वर्षांखालची मुलं, म्हातारे आणि आजारी मिळून १५,००० हून अधिक माणसं हेउम्नोच्या मृत्युछावणीत नेऊन मारली गेली. रुमकोव्स्कीला खलनायक ठरवणं सोपं आहे. बाकीचे कामावर टिकतील हा त्याचा हिशेब होता, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये तोही कुटुंबासह आउशवित्झला गेला. माझं मत इतकंच, की तिथे उभं राहून घाईने निकाल देऊ नये.

वोय्स्का पोल्स्किएगो रस्त्यावरची ‘रोमांची लोहारशाळा’ चुकवू नका. ऑस्ट्रियातून आणलेल्या ५,००७ रोमांना (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत) घेट्टोतच वेगळं कोंडलं होतं. टायफसने शेकडो गेले, उरलेले जानेवारी १९४२ मध्ये हेउम्नोला मारले गेले.

दुपार ज्यू स्मशानभूमी आणि रादेगास्ट स्थानकासाठी ठेवा; छावण्यांकडे जाणाऱ्या गाड्या याच स्थानकावरून सुटत. स्मशानभूमीचा पत्ता ब्रात्स्का रस्त्याचा असला तरी प्रवेश झ्म्येन्ना रस्त्यावरून आहे. शनिवारी आणि ज्यू सणांना बंद. पुरुषांनी टोपी किंवा रुमाल जवळ ठेवावा, डोकं झाकावं लागतं. घेट्टोतले सुमारे ४३,००० मृत इथे एका मोकळ्या मैदानात पुरले आहेत. रोजनिशी लिहिणारा दावीद शेराकोव्याकही त्यांतलाच. १९४३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी गेला. भिंतीलगत मोठे खड्डे दिसतील. ते घेट्टो रिकामा केल्यावर साफसफाईसाठी ठेवलेल्या आठशेच्या आसपास माणसांसाठी होते, त्यांच्याकडूनच खणून घेतलेले. १९ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत फौजा आल्या आणि खड्डे रिकामे राहिले. गवत ओलं असतं, साधे कॅनव्हासचे बूट नकोत.

रादेगास्टला जुनी लाकडी स्थानकाची इमारत, मालगाडीचे डबे आणि एक लांब काँक्रीटचा बोगदा आहे. बोगद्यात पाठवणीच्या याद्या लावल्या आहेत. टंकलिखित, क्रमांकवार, नीटनेटक्या. इथे घाई करू नका. सोमवारी जाण्याआधी वेळा तपासा. आसपास खायला फारसं मिळत नाही, पाणी आणि डबा बावुटीतूनच घ्या. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारतं, म्हणून तेव्हा क्रम उलटा करा: आधी स्थानक आणि स्मशान, मग गल्ल्या.

इमारतींच्या आवारांत शिरताना एवढं भान ठेवा, की ही लोकांची घरं आहेत. खिडक्यांचे, माणसांचे फोटो काढू नयेत. लहान मुलं बरोबर असतील तर बोगद्यात न्यायचं की नाही हे आधीच ठरवा. आणि हेउम्नो जोडायचं असेल तर ते साधारण सत्तर किलोमीटरवर आहे, बसवर विसंबू नका; गाडी भाड्याने घेऊन दुसरा दिवस ठेवा.